टाके घालून घरी सोडलं. पुढचे बेचाळीस दिवस कोणाचे?

सिझर झालेल्या बाईला साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी घरी सोडतात. बिल भागवलं जातं, हातात फाइल येते आणि फाइलमध्ये सगळ्यात वर डिस्चार्ज कार्ड असतं. त्यावर गोळ्यांची इंग्रजी नावं, नावांपुढे ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एसओएस’ अशी अक्षरं आणि तळाला एक ओळ: सात दिवसांनी दाखवायला या. मग रिक्षा. डोंबिवलीतल्या किंवा ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीला लिफ्ट नसली, तर तिसऱ्या मजल्यापर्यंत कठडा धरून चढायचं. दारात आई किंवा सासू भाकरतुकडा ओवाळून टाकते, बाळाला आत घेतात आणि सगळं घर बाळाभोवती गोळा होतं. जिच्या पोटावर चार दिवसांपूर्वी मोठी शस्त्रक्रिया झाली, तिला रात्री दोन वाजता थंडी वाजून ताप भरला तर फोन कोणाला करायचा, हे त्या कार्डावर बहुधा लिहिलेलं नसतं.

शस्त्रक्रिया करण्यात ही शहरं मागे नाहीत. गल्लोगल्ली प्रसूतिगृहं आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, अडीअडचणीला रक्तपेढ्या आहेत. महापालिकेची रुग्णालयंही आहेत: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर. शस्त्रक्रियेनंतर बरं होण्याची जबाबदारी मात्र आपण घरावर टाकून मोकळे झालो आहोत. माहेर जवळ असलं, आई धडधाकट असली, नवरा समजूतदार असला, नळाला पाणी असलं, तर बाई बरी होते. यातलं एखादं नसलं की तिचं ती बघते. हे असं नशिबावर सोडायचं काम नव्हे. सिझरनंतरचे सहा आठवडे उपचाराचाच भाग धरले पाहिजेत, आणि या काळात जाणकार माणूस घरापर्यंत पोचवणं ही महापालिकांची आणि रुग्णालयांची जबाबदारी ठरली पाहिजे.

प्रश्न मूठभर बायकांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या २५.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्याचं आढळलं. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा २०.१ टक्के होता. म्हणजे राज्यात चार बाळंतिणींमागे एकीच्या पोटावर टाके होते. देशभरातल्या खासगी रुग्णालयांचा आकडा तर ४७.४ टक्क्यांवर गेला. इतकी सिझर गरजेची असतात का, हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण त्याचा निकाल काहीही लागला, तरी जिला टाके पडले तिच्या शुश्रूषेत त्यामुळे कसूर होता कामा नये.

आणि नेमकी इथेच चालढकल होते. “सिझरवालीला काय, कळा कुठे सोसाव्या लागल्या?” असं भेटायला आलेल्या चारजणींत एखादी तरी म्हणतेच. ज्या बाईने बारा-बारा तास कळा सोसल्या आणि मग बाळाचे ठोके कमी झाले म्हणून जिला घाईघाईने आत नेलं, तिलाही हे ऐकावं लागतं. या ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरचं घट्ट आवरण, पोटाच्या आतला पडदा आणि शेवटी गर्भाशयाची भिंत असे थर एकामागून एक उघडावे लागतात. बाळ बाहेर आलं की त्यांतले महत्त्वाचे थर पुन्हा शिवावे लागतात. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळून येते, टाके काढले जातात किंवा विरघळतात, आणि घरच्यांना वाटतं की झालं, बरी झाली. आतल्या आवरणाला ताकद यायला मात्र कित्येक आठवडे लागतात. वरून कोरडी, स्वच्छ दिसणारी जखम आतून अजून कच्ची असते, हे ज्या घराला समजावून सांगितलेलं असतं तिथे वागण्यात पहिल्या दिवसापासून फरक पडतो.

साधं अंथरुणातून उठण्याचं बघा. उताणं झोपलेल्या बाईने झटक्यात सरळ उठून बसायचा प्रयत्न केला की सगळा ताण टाक्यांवर येतो आणि ती कळवळते. त्याऐवजी गुडघे वाकवायचे, सबंध अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय खाटेवरून खाली सोडायचे आणि हाताच्या कोपराने व तळव्याने गादीला रेटा देत बसतं व्हायचं. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं, तर छोटी उशी पोटाशी धरून ती हाताने दाबायची. बाळाला पाजताना त्याचा भार जखमेवर येऊ नये म्हणून कुशीवर झोपून पाजायचं, नाहीतर बाळाचे पाय आपल्या काखेखालून मागे जातील असं उशीवर धरायचं. हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं परिचारिकेने दिली, तर पहिल्या आठवड्यातलं निम्मं दुखणं हलकं होतं. वॉर्डात तीसेक बाळंतिणी असल्या आणि परिचारिका दोन, की ही पाच मिनिटं निघत नाहीत.

घरी सोडताना डॉक्टर सांगतात, बाळापेक्षा जड काही उचलू नका. बाळ तीन किलोचं, आणि वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोची. २०१५ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत आलेल्या २७ गावांच्या पट्ट्यात पाण्याची ओरड जुनी आहे. टँकर आला की घरातल्या प्रत्येकाने हंडे-बादल्या घेऊन धावायचं असतं. ज्या घरात दोनच माणसं आहेत आणि त्यातलं एक सकाळी ६ वाजून काही मिनिटांची लोकल पकडून मुंबईला गेलं, तिथे ती बादली कोण उचलणार? खाली बसायचं शौचालय, जमिनीवरचं अंथरूण, ओट्यावर चढवायचा कुकर, अशा प्रत्येक गोष्टीत पोटावर ताण आहे. जिने चढायला बंदी नसते, पण दिवसातून एकदा, सावकाश, मध्ये थांबत. भाजी आणायला, कचरा टाकायला, दुधाच्या पिशवीला असं पाच वेळा नव्हे.

निजूनच राहायचं, हाही उपाय नाही. सिझरनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणूनच रुग्णालयात पहिल्या चोवीस तासांच्या आत बाईला धरून चालवतात. घरी आल्यावर “सव्वा महिना खाटेवरून उठायचं नाही” असं बजावलं जातं, तेव्हा डॉक्टरांनी केलेलं काम वाया जातं. घरातल्या घरात दर काही तासांनी चार फेऱ्या, पायाचे पंजे वरखाली हलवणं, भरपूर पाणी, हे औषधाइतकंच गरजेचं आहे.

आपल्याकडच्या बाळंतपणाच्या रिवाजांकडे नुसतं मागासलेपण म्हणून बघणं चूक आहे. सव्वा महिना बाईला कामाला न लावणं, तिला वेगळं, सकस आणि ताजं खायला घालणं, घरात फार वर्दळ होऊ न देणं, यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, जेवणानंतर बाळंतशोपा, यातलं बरंचसं तिला हवंच असतं. मात्र हे रिवाज घडले तेव्हा सिझर नव्हतं. म्हणून त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे प्रत्येक घराने निवडलं पाहिजे, आणि निवडायला त्यांना कोणीतरी मदत केली पाहिजे.

पाणी कमी प्यायला लावणं गाळायचं. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागतं, आणि पाणी कमी पडलं की शौचाला कुंथावं लागतं, तो जोर थेट टाक्यांवर येतो. शेगडीचा शेक पोटाला द्यायचा नाही. जखमेभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही, भाजून फोड आल्यावरच दिसतं. धुरी तर वन-रूम-किचनमध्ये, खिडक्या लावून, नवजात बाळाच्या नाकाशी नकोच. जखमेवर हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. डॉक्टरांनी मुभा दिल्यावर आंघोळीत साधं पाणी वाहू द्यायचं, मऊ फडक्याने टिपून कोरडं करायचं. ज्यांचं पोट थोडं सुटलेलं असतं त्यांची जखम घडीखाली झाकली जाते. ठाण्या-कल्याणच्या पावसाळी दमट हवेत तिथे घाम साचतो आणि जखम चिघळायला तेवढं निमित्त पुरतं. परकराची नाडी किंवा सलवारीची गाठ बरोबर टाक्यांवर रुतते, तिथे सैल सुती गाऊन सोयीचा. पट्टा बांधायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, उठता-चालताना आधारापुरता. पोट आत जाईल म्हणून आवळून बांधायचा नाही.

मालिशबद्दल एक गोष्ट घराघरात पोचली पाहिजे. हातपाय, पाठ, खांदे चोळायला हरकत नसते. पोटाला हात लावायचा नाही. आणि एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, असं बाई म्हणाली तर तो पाय अजिबात चोळायचा नाही. ती साधी सूज नसून शिरेतली गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते, आणि तसं झालं तर जिवावर बेततं. अशा वेळी तेलाची वाटी बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठायचं.

तडक जाण्याची आणखी कारणं आहेत, आणि ती मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक बाळंतिणीच्या खाटेजवळ लावलेली असली पाहिजेत. ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत किंवा त्यावर गेला. जखम लाल झाली, फुगली, तिच्यातून पू किंवा पाणी यायला लागलं, टाके उसवले. अंगावरून जाणाऱ्या रक्ताला घाण वास आला, किंवा तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला. लघवीला जळजळ होते किंवा होतच नाही. धाप लागली, छातीत दुखलं. डोकं असह्य दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातापायाला झटके येतात. बाळंतपण झालं म्हणजे रक्तदाबाचा धोका टळला असं नाही. तो नंतरच्या सहा आठवड्यांतही अचानक चढू शकतो, आणि ज्यांना गरोदरपणात त्रास होता त्यांचा दाब पहिल्या दहा दिवसांत पुन्हा मोजलाच पाहिजे. मणक्यातल्या भुलीमुळे होणारी डोकेदुखी वेगळी असते. ती उठून बसलं की वाढते, आडवं झालं की कमी होते. तीही डॉक्टरांना सांगायची असते, पण घरच्यांना दोन्हींतला फरक माहीत नसतो आणि बाम चोळून दोन दिवस जातात.

मनाचं दुखणं तर कार्डावर कधीच येत नाही. पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, भूक नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, जगणं नकोसं झालं, असं असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. “एवढं गोड बाळ आहे आणि ही रडत बसते” असं म्हणणाऱ्या घरातल्या माणसांनी तो क्रमांक स्वतः लावून तिच्या हातात फोन द्यावा.

हे सगळं घरच्यांना सांगायचं कोणी? उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. बाळंतपणाचं शास्त्र आणि घर यांची गाठ घालण्याचा ध्यास घेणारी पहिली मराठी डॉक्टर कल्याणचीच. आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो दहा दिवसांत गेला. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला होता हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. वर्षभराच्या आतच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला. ज्या शहरात त्या जन्मल्या, तिथे बाळंतपणानंतरचे दिवस अजूनही घरच्यांच्या अंदाजावर चालतात, ही गोष्ट त्या शहराने मनावर घ्यायला हवी.

त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. या आरोग्यदूत घरोघरी जाऊन नवजात बाळाला तपासत, ताप आणि वजन मोजत, गरज पडली तर औषध देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच पायावर २०११ पासून देशभर आशा सेविकांच्या घरभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जायचं असतं. सिझर झालं असेल तर बाई उशिरा घरी येते हे धरून सातव्या दिवसापासूनच्या पाच भेटी पुरेशा मानल्या जातात, आणि सगळ्या भेटींचे मिळून आशाला २५० रुपये मिळतात.

योजना उत्तम आहे, पण तिच्यात दोन भोकं आहेत आणि दोन्ही शहरात मोठी होतात. पहिलं असं की भेटीचा रोख बाळावर असतो. आशा बाळाचं वजन करते, श्वास मोजते. आईला चार प्रश्न विचारले जातात, पण टाके बघायला आणि रक्तदाब मोजायला तिला ना पुरेसं शिकवलेलं असतं ना साधन दिलेलं असतं. दुसरं, २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात शहरी आशा नेमल्या जातात त्या झोपडपट्ट्यांसाठी आणि गरीब वस्त्यांसाठी, एक ते अडीच हजार लोकसंख्येमागे एक. गरिबांना आधी, हे रास्तच आहे. पण डोंबिवलीच्या चार मजली सोसायटीत भाड्याने राहणारी, खासगी प्रसूतिगृहात सिझर झालेली, माहेर जळगावला आणि सासर साताऱ्याला असलेली बाई कोणाच्याच यादीत नसते. ती गरीब नाही म्हणून आशा नाही, आणि सरकारी दवाखान्यात गेली नाही म्हणून परिचारिका नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बाळंतपणानंतरच्या काळजीचे नियम नव्याने मांडले. पहिल्या चोवीस तासांनंतर किमान तीन वेळा आई आणि बाळाला तपासावं असं त्यात आहे: ४८ ते ७२ तासांत, सातव्या ते चौदाव्या दिवसात आणि सहाव्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात घरी जाऊन भेट द्यावी, असंही त्यात म्हटलं आहे. नेदरलँड्समध्ये तर प्रशिक्षित बाई आठवडाभर रोज काही तास घरी येते, आईची जखम बघते, बाळाला पाजायला शिकवते, घरकामालाही हात लावते, आणि हा खर्च मूळ आरोग्य विम्यातून होतो. तेवढं आज आपल्याला परवडणार नाही, हे मान्य. पण आपल्याकडे एक माणूस आधीपासून रोज घरी येतोच आहे, आणि त्याचा कोणी विचार केलेला नाही.

ती म्हणजे मालिशवाली बाई. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत घरोघरी सकाळी ती येते, बाळाला न्हाऊ घालते, बाळंतिणीचं अंग चोळते आणि पुढच्या घरी जाते. सव्वा महिना रोज बाळंतिणीचं अंग बघणारी ती एकटीच असते. कुठला पाय सुजलाय, अंग गरम आहे का, बाई गप्प गप्प झाली आहे का, हे तिला डॉक्टरांच्या कितीतरी आधी कळतं. या बायकांना महापालिकेने बोलावून दोन दिवसांचं शिक्षण दिलं, धोक्याच्या खुणांचं चित्रांचं कार्ड दिलं, एक ताप मोजायचं यंत्र आणि एक फोन क्रमांक दिला, ओळखपत्र देऊन मान दिला, तर घराघरात पोचणारी फौज उभी राहते. गडचिरोलीत जे गावातल्या बायकांना जमलं, ते कोळसेवाडीत आणि वागळे इस्टेटमध्ये का जमू नये? बंग दांपत्याने हेच दाखवून दिलं की घराशी नातं असलेल्या बाईला शिकवलं तर ती जीव वाचवते.

घरातल्या पुरुषाचा विषय टाळून चालणार नाही. बाळंतिणीच्या हक्काचा पाया याच महाराष्ट्रात घातला गेला. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ मध्ये देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात झाला. आज भरपगारी रजा २६ आठवडे आहे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामाला लावायचं नाही ही १९६१ च्या कायद्यातली तरतूद आजही कायम आहे, आणि बाळंतपणातून आजार उद्भवला तर आणखी महिनाभर रजा मिळते. सिझरनंतर जखम चिघळली, पुन्हा टाके घालावे लागले, तर ही महिन्याची रजा मागता येते. ती मागायची असते हेच कितीजणींना माहीत नसतं. बापासाठी मात्र केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवस सोडले तर खासगी नोकरीत काही बंधन नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व रजेचं खासगी विधेयक मांडलं होतं. ते पुढे गेलं नाही. पहिले पंधरा दिवस नवरा घरी असणं म्हणजे कौतुकाची गोष्ट नव्हे. बादली उचलायला, रात्री बाळाला तिच्या कुशीत आणून द्यायला, तिच्या गोळ्यांची वेळ सांभाळायला दुसरा माणूस लागतोच, आणि दोन खोल्यांच्या घरात तो दुसरा माणूस तोच असतो.

रुग्णालयांनी करायचं काम तर आजपासून करता येईल. डिस्चार्ज कार्डाची एक बाजू मराठीत असावी: कोणती गोळी कशासाठी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवायच्या असतात, हे त्यात ठळक हवं. सिझर का करावं लागलं आणि गर्भाशयाला छेद कोणत्या दिशेने दिला, हे स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण पुढचं बाळंतपण नैसर्गिक होऊ शकेल का, हे त्यावर ठरतं. पुन्हा दिवस जाण्याआधी किमान दोन वर्षांचं अंतर ठेवण्याचा सल्ला आणि त्याचे उपाय नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगितले पाहिजेत. बाई माहेरी जाणार असेल, तर तिथल्या जवळच्या रुग्णालयाचं नाव कार्डावर टाकून द्यावं. आणि चोवीस तास उचलला जाणारा एक फोन क्रमांक. ज्या रुग्णालयाने पोट उघडलं, त्याने निदान सहा आठवडे फोन उचलला पाहिजे.

महापालिकांनी करायचं ते असं. खासगी असो वा सरकारी, प्रत्येक प्रसूतीची जन्मनोंद महापालिकेकडेच होते. त्याच वेळी सिझर झालेल्या आईचा पत्ता तिच्या संमतीने जवळच्या नागरी आरोग्य केंद्राकडे जावा. तिथल्या परिचारिकेने पहिल्या आठवड्यात एकदा आणि चौदाव्या दिवसाच्या आत पुन्हा एकदा घरी जावं, रक्तदाब मोजावा, जखम बघावी, बाळाला पाजताना बघावं, आणि मनाचे चार प्रश्न विचारावेत. सहाव्या आठवड्यात केंद्रात तपासणी. आशांच्या मानधनात आईच्या तपासणीचे वेगळे पैसे धरावेत. सरकारी रुग्णालयातून घरी सोडायला मोफत गाडी मिळण्याचा हक्क जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून दिला आहे. ती गाडी सांगितल्यावर मिळते, मागितल्याशिवाय येत नाही. ती आपणहून दारात उभी राहावी.

२०१८ ते २० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाखामागे ३३ होता, केरळच्या खालोखाल देशात सर्वांत चांगला. ही कमाई प्रसूती रुग्णालयात आणण्याने झाली. मातामृत्यू मोजताना सरकार बाळंतपणानंतरचे ४२ दिवस धरतं, मग काळजी घेताना चौथ्या दिवशी थांबण्याला काही आधार नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या येत्या अर्थसंकल्पात सिझर झालेल्या मातांच्या घरभेटींसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावं, त्यात परिचारिकांची पदं, रक्तदाबाची यंत्रं आणि मालिशवाल्या बायकांचं प्रशिक्षण एवढ्या तीन बाबी असाव्यात, आणि प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागात किती भेटी झाल्या याचा हिशेब दर महिन्याला मागावा.